अर्धा कातरलेला झिपऱ्या

प्रिय आत्याबाई,

'तीर्थरूप' लिहायला हवं होतं, ठाऊक आहे मला. पण तीर्थरूप म्हटलं की माणूस लांब जाऊन बसतं, आणि आज तुम्ही मला अगदी जवळ हव्या आहात. तुमच्याच खोलीत बसून लिहिते आहे. बसून कसली, कोंडलेली आहे! बाहेरून कडी. सोबतीला झिपऱ्या, तुमची वातींची परडी आणि पुतणीच्या, कुसुमच्या, वहीची कोरी पानं. सकाळी मागच्या परसात काय झालं ते दुसरं कोणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगते.

आधी झिपऱ्याचं. आश्विनात तुमच्या भाच्यानं, म्हणजे ह्यांनीच, त्याला मुंबईच्या बोटीवरून आणलं, आठवतं? बदली होऊन विलायतेला निघालेल्या कुणा साहेबाचं पिल्लू. टोपलीत नुसता केसांचा गोळा. पुढचं कुठलं नि मागचं कुठलं, कळायची सोय नाही! तुम्ही सोवळ्यातून ओरडलात, "अगो यमू, हे कुत्रं आहे की दारचं पायपुसणं?" हे हसून हसून पडवीत खाली बसले. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. मार्गशीर्षात ताप आला आणि आठवड्यात सगळं संपलं.

दहाव्या दिवसाआधी अण्णा भावोजींनी न्हाव्याला निरोप धाडला. थोरला दीर, घराचा कर्ता. त्यांना कोण आडवं जाणार? मी कोपऱ्यात पडले होते, मला शुद्ध कुठली? तुम्ही मात्र माजघराच्या उंबऱ्यात जाऊन बसलात. लाल आलवणाचा पदर नीट डोक्यावर घेतलात आणि म्हणालात, "अण्णा, मी जिवंत असेपर्यंत ह्या घरात दुसरं भादरलेलं डोकं नको. एक पुरे."

आत्याबाई, एक विचारू? रागावू नका. 'मी जिवंत असेपर्यंत' असं का म्हणालात हो? 'कधीच नाही' म्हणायला काय झालं होतं? अण्णा भावोजींनी तुमचा शब्द अक्षरशः पाळला. तुमचे दिवस झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी विषय काढला.

तुमच्या डोक्यावर केस नाहीत आणि रोज संध्याकाळी माझ्या केसांना तेल तुम्ही लावायचात. मी म्हणे, आता कशाला? तर म्हणायचात, "गप बस. तुझ्यासाठी नाही लावत, माझ्या बोटांना बरं वाटतं म्हणून लावते." लबाड होतात तुम्ही!

शिमग्याच्या सुमारास उन्हं तापायला लागली आणि झिपऱ्याचे हाल सुरू झाले. जीभ बाहेर काढून दिवसभर न्हाणीच्या ओल्या चिऱ्यावर पडून राही. कानांमागे जटा, पोटाखाली कुसळं, बगलेत गोचीड. अण्णा भावोजी म्हणाले, "भादरून टाका एकदा सबंध. गार वाटेल त्याला." जाऊबाई म्हणाल्या, केस काढले तर ते मेलं उंदरासारखं दिसेल, कुसुमला बघायला येणाऱ्यांपुढे शोभा नको. मी दोघांच्या मध्ये. कापावे तर चूक, न कापावे तर ते जनावर तळमळतंय.

तेव्हा तुम्ही वाती वळता वळता म्हणालात, "गार वाटतं हे कोण सांगतंय? तू का रे अण्णा? भादरलेल्या डोक्याला ऊन किती लागतं ते मला विचार. टाळू भाजते. पौषात थंडी कवटीत शिरते. आणि नवे खुंट फुटले की उशी टोचते. केस उन्हासाठीही असतात नि थंडीसाठीही." बाई गं! अण्णा भावोजी चहा अर्धा टाकून बाहेर गेले. इतकी वर्षं तुम्ही ह्या घरात होतात, पण तुमच्या डोक्याला काय वाटतं हे आम्ही कोणीच कधी विचारलं नव्हतं.

मग तुम्हीच वातींची कात्री घेऊन बसलात. आधी फणी, मग कात्री. गुंता असेल तिथे कातडी आणि कात्री ह्यांच्या मध्ये स्वतःचं बोट सरकवायचं. "चुकलंच तर आधी आपलं बोट कापेल," म्हणायचात. बाकी केस दोन बोटं ठेवायचे, मुळापासून नाही. तो हलला की थांबायचं. आणि दर खेपेला विचारायचं, "कापू का रे?" त्यानं शेपूट हलवलं तरच पुढे. मी हसले, "आत्याबाई, कुत्र्याला कसलं विचारता?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मला कोणी विचारलं नव्हतं. चौघांनी धरलं होतं. मी ओरडलेसुद्धा नाही, मुकाट बसले. शहाणी मुलगी म्हणाले सगळे."

नंतर विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंत. कुत्र्याला शिवलात ना! आणि वर मलाच डोळा घातलात, "वाळायला वेळ लागत नाही बघ. तेवढाच फायदा."

रोज थोडं थोडं करत तुम्ही त्याची डावी बाजू पुरी केलीत. उजवी उद्या करू म्हणालात. तो 'उद्या' काही आला नाही. पहाटे उठवायला गेले तर तुम्ही गार. असं कोणी जातं का हो, अर्धं कुत्रं टाकून?

तेव्हापासून हा असाच हिंडतो. डावीकडून गुळगुळीत, उजवीकडून बैरागी. दारासमोरच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून जाणारी माणसं हसतात. मी कात्री हातात घ्यायची, पण धीर व्हायचा नाही. तुमचं बोट मध्ये असायचं, माझं कुठे ठेवायचं तेच कळेना.

इकडे कुसुमचं जमत आलं. मुलाकडची मंडळी पुढच्या आठवड्यात जेवायला येणार. सकेशा विधवेच्या हातचं त्यांना चालत नाही म्हणे. मी स्वयंपाकघरात जात नाही, सबंध दिवस खोलीत बसते म्हटलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "घरात आहेस हेच त्यांच्या कानावर गेलंय." माझ्या भावाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, मोठ्यांच्या मर्जीनं घ्यावं, इथे जागेची अडचण आहे. ही दोन दारं होती मला, आत्याबाई. दोन्ही लागली.

गंमत सांगू? गावात हल्ली सभा होतात. बायकांनी शिकावं, जुन्या रूढी सोडाव्या, अशी भाषणं होतात. अण्णा भावोजी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवून येतात. घरी आले की टोपी खुंटीला आणि भाषण टोपीत!

गावातले तरुण न्हावी विधवांच्या डोक्याला हात लावत नाहीत आता. एक म्हातारा रामा तेवढा येतो. तो आज सकाळी आला. विहिरीजवळ पाट मांडला होता. अण्णा भावोजी पुढे पडवीत भटजींशी बोलत होते. जाऊबाई माझ्यावर पहाऱ्याला. रामानं धोकटी उघडली, वस्तरा दगडावर घासला. तो आवाज माझ्या दातांत शिरला. पाय पळा म्हणत होते, पण पळून जायचं कुठे? पुढे समुद्र नि मागे भावाची चिठ्ठी!

तेवढ्यात झिपऱ्या आला आणि सरळ माझ्या मांडीत बसला. उजवी बाजू वर करून. वेळ काढावा म्हणून मी रामाला म्हटलं, "बाबा, आधी ह्याचे एवढे उरलेले काढता का?"

रामा हसला. "काय वैनी, थट्टा करता गरिबाची! कुत्र्याला वस्तरा लावला तर उद्या मला कोन दारात उभं करील?"

आत्याबाई, शप्पथ सांगते, तोवर माझ्या मनात काही नव्हतं. रामा वाटीत पाणी घ्यायला वळला. वस्तरा दगडावर होता. मी उचलला. झिपऱ्याच्या उजव्या कानामागची जट धरली, खाली बोट घातलं, "कापू का रे?" म्हटलं. त्यानं शेपूट हलवलं. आणि मी कापली!

बोट कापलं माझं. त्याच्या कातडीला ओरखडाही नाही.

जाऊबाईंनी केवढ्यानं बोंब ठोकली! "अगबाई, कुत्र्याला लावला गो वस्तरा!" भावोजी धावत आले. मागोमाग भटजी. भावोजी लाल झाले होते, पण तेवढ्यातही हळूच म्हणाले, "रामा, धुऊन घे. कोणाला कळतंय?" भटजींनी कानांवर हात ठेवले, "शिव शिव! अण्णा, हे मी ऐकलं नाही." रामानं वस्तरा माझ्या हातातून घेतला, पुसला, धोकटी गुंडाळली. "तुमचा धर्म तुमी बघा, अण्णानू. माझं पोट ह्या वस्तऱ्यावर हाय. ह्यो आता मानसाच्या डोक्याला लावायचा नाय, आनि दुसरा घेऊन मी यायचा नाय. म्हातारा झालो." आणि गेला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही त्यानं.

मग काय, जाऊबाईंनी दंडाला धरून मला इथे आणलं. "कुत्र्याला शिवलीस ना? बस कुत्र्याजवळ!" झिपऱ्यालाही आत लोटलं. कडी घातली. तुमची खोली ही शिक्षा आहे असं त्यांना वाटतं!

पण उगाच खोटं कशाला बोलू? जिंकले वगैरे काही नाही मी. घराबाहेर मला जागा नाही, आणि घरात ही एवढी. पावस गावाहून दुसरा न्हावी परवा येणार आहे, दाराबाहेर बोलताना ऐकलं. ह्या खेपेला धरायला माणसंही असतील. माझ्या नि वस्तऱ्याच्या मध्ये तुम्ही बोट ठेवून बसला होतात, ते आता नाही. भीती वाटते, आत्याबाई. तुम्ही मेलात म्हणून मला तुमचा रागसुद्धा येतो. आला तर चालेल ना?

दुपारभर रडून झालं आणि मग तुमच्या परडीतली कात्री काढली. झिपऱ्याची उजवी बाजू करायला घेतली. फणी, बोट, मग कात्री. दोन बोटं केस ठेवले. हलला की थांबले. बगलेतली गाठ सोडवायला फार वेळ लागला, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. आता दोन्हीकडून सारखा झालाय. डोळे दिसतात त्याचे! इतके दिवस त्याला डोळे होते हेच मी विसरले होते. खाली केसांचा ढीग पडलाय आणि त्यावरच महाराज झोपलेत.

फळीवर तुमची तेलाची बाटली मिळाली. तळाशी थोडं होतं. ते मी डोक्याला लावलं, अगदी मुळांशी, तुम्ही लावायचात तसं. गाठ घट्ट बांधली.

आत्याबाई, तुम्हाला वचन देते. परवा पाटावर मी मुकाट बसणार नाही. शहाणी मुलगी मला कोणी म्हणायला नको. ओरडेन, चावेन, पाखाडीवरची माणसं गोळा होतील एवढा आकांत करीन. भावोजींच्या सभेतली मंडळी ह्याच वाटेनं जातात, त्यांनाही ऐकू जाऊ दे. चौघांनी धरलं तर काय होईल ते मला माहीत नाही. पण तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं, मलाही कोणी 'कापू का?' म्हणून विचारणार नाही. म्हणून उत्तर मी आजच देऊन ठेवते.

नाही.

तुमची, अजून केसांसकट,
यमू