आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही

१ जून, रविवार. सकाळी.

आजपासून डेटाबेस. निर्णय पक्का.

काल मराठी मंडळाच्या सभेत उभं राहून सांगून टाकलं, की चेन्नईतल्या सगळ्या मराठी घरांतल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती मी कॉम्प्युटरवर आणतो. बटण दाबलं की जोडी समोर. टाळ्या पडल्या.  बीपीची गोळी घेतली.

सॉफ्टवेअर फुकट आहे. नवशिक्यांसाठी आहे, प्रोग्रामिंग लागत नाही, असं त्यांच्याच पानावर लिहिलंय. फुकट आहे हीच काळजी वाटते. फुकट कोण देतं?

हा सगळा खटाटोप समाजासाठी. आमचा आशिष चौतीस वर्षांचा झाला आणि त्याचं कुठे जमत नाही, याचा याच्याशी संबंध नाही. त्यात त्याचंही जमलं तर ती समाजाची मर्जी.

२ जून.

सॉफ्टवेअर आशिषच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवलं. सुरुवातीलाच एक लांबलचक करारनामा आला, खाली 'आय अ‍ॅग्री'. न वाचता मान्य म्हणणं माझ्या स्वभावात नाही. चेन्नईजवळच्या आवडी गावच्या लष्करी कपड्यांच्या कारखान्यात स्टोअरला जन्म गेला, कधी डोळे मिटून सही केली नाही. तीन पानं वाचली. घाम फुटला. जयवंती भाकऱ्या करत होती, ती उठून आली, म्हणाली, अहो, एवढं काय मागतोय तो, किडनी? आणि पिठाच्या बोटाने बटण दाबून गेली.

ठीक. आता कायदेशीर जबाबदारी तिची.

४ जून. दुपारी.

समजलं! टेबल म्हणजे आपलं स्टोअरचं रजिस्टर. आडवी ओळ म्हणजे रेकॉर्ड, उभा रकाना म्हणजे फील्ड. प्रायमरी की म्हणजे टोकन नंबर, एका माणसाला एकच. बस. एवढ्यासाठी पोरं चार-चार वर्षं इंजिनिअरिंग करतात. मी नववी नापास, मला तीन दिवस पुरले.

जयवंतीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग रजिस्टरच का नाही घेत? अडाण्याला उत्तर देऊ नये.

७ जून.

फील्ड ठरवली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, देवक, रास, उंची, शिक्षण, नोकरी, मूळ गाव. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या धड्यात सांगितलंय, की फील्डला 'रिक्वायर्ड' अशी खूण करता येते. म्हणजे ते भरल्याशिवाय माणूस पुढे जाऊ शकत नाही. फार आवडलं. सगळ्यांना खूण केली.

स्टोअरला असताना एक रकाना रिकामा असला तरी मी मागणीचा कागद परत पाठवत असे. साहेबाचा असला तरी. एकदा एका मेजरसाहेबांना भर पावसात बिनरेनकोटचं जावं लागलं, पण शिस्त राहिली.

लांबीसुद्धा बांधून टाकली. आडनाव किमान तीन अक्षरी. नाहीतर लोक काहीही खरडतात. चुकलं तर पाटी येते, तिचा मजकूर आपण लिहायचा असतो. मी लिहिलं : 'आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' धाकात ठेवणारं, पण सभ्य.

८ जून, रविवार.

पहिलं रेकॉर्ड आशिषचं. त्याला उंची विचारली. तो म्हणाला, बाबा, मी तुमच्यासमोर उभा आहे. मी म्हणालो, माहिती उमेदवाराने द्यायची असते. त्याने दिली. सेव्ह झालं! जयवंतीने शिरा केला.

लगेच 'जोडी शोधा' दाबलं. काही सापडलं नाही. साहजिक आहे. मंडळाच्या इतर घरांतून अजून माहिती यायची आहे. लोक सावध असतात, आणि ते बरंच आहे.

आज डिलीटच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. हात कधी चुकेल सांगता येत नाही.

१५ जून.

अड्यारहून एकोजीरावांचा फोन. तंजावरकडचं मराठी घराणं, बँकेतून रिटायर. त्यांची मुलगी हरिप्रिया आमच्या आशिषच्याच कंपनीत, श्रीपेरुंबुदूरला, क्वालिटी विभागात आहे. एका कंपनी-बसने दोघं जातात. मुलगा पाहण्यातला आहे, चांगला वाटतो, आपण भेटू या का, असं त्यांनी विचारलं. त्यांचं मराठी जुन्या बखरीसारखं, मध्येच तमिळ हेल. गोड वाटतं ऐकायला.

आशिष मला काही बोलला नाही. आईला बोलला, की ती बसमध्ये त्याच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवते. हे सांगताना म्हणे पोराचे कान लाल झाले. जयवंतीचे डोळे भरून आले. म्हणाली, अहो, येत्या रविवारी बोलवा, मी पोहे करते, तमिळांचा आडी महिना लागायच्या आत सुपारी फोडू. आडीत ती माणसं शुभकार्याचं नावसुद्धा काढत नाहीत.

मी म्हणालो, जरूर. पण सिस्टीममधून. मंडळाचं काम माझ्याकडे, आणि माझ्याच मुलाचं लग्न सिस्टीमच्या बाहेर झालं तर लोक तोंडात शेण घालतील. आधी फॉर्म तयार होऊ दे, त्यांच्या मुलीची माहिती त्यात भरू दे, मग कॉम्प्युटरनेच जोडी दाखवू दे. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

जयवंती उठून स्वयंपाकघरात गेली. बहुधा पटलं.

२१ जून.

उद्याची भेट पुढे ढकलली. फॉर्म उघडतो, पण बंद होत नाही. एकोजीराव म्हणाले, सरी, सरी. म्हणजे तमिळमध्ये बरं, बरं.

२८ जून.

उद्याचीही ढकलली. फॉर्म आता बंद होतो, पण उघडत नाही. एकोजीराव म्हणाले, सरी. एकदाच म्हणाले.

आशिषने आज स्वतः शर्टाला इस्त्री केली. हा मुलगा दहावीनंतर इस्त्रीला शिवला नव्हता. जयवंती म्हणाली, बघा, जरा बघा. मी बघितलं. मग धडा सहावा : फॉर्मचा रंग.

६ जुलै, रविवार.

आले. एकोजीराव, अन्नपूर्णाबाई, हरिप्रिया. मुलगी छान आहे. हसरी, बोलकी. तमिळच जास्त येतं, पण आमच्याशी मुद्दाम मराठीत बोलत होती, अडली की आशिषकडे बघायची आणि तो शब्द पुरवायचा. दोघंही पोह्यांकडे बघत नव्हते.

मी वेळ न घालवता लॅपटॉप टीपॉयवर आणला. फॉर्म फिकट गुलाबी, वर गणपती. हरिप्रियाने नाव लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं. आडनावाशी थांबली. म्हणाली, अंकल, आम्ही आडनाव लिहीत नाही. इनिशियल असतं. ई. हरिप्रिया. ई म्हणजे एकोजी, अप्पाचं नाव.

मी म्हणालो, असेल की काहीतरी, आठवून बघा.

एकोजीराव म्हणाले, आमचे कडे ती रीतच नव्हे. पासपोर्ट आहे, बँकेत चाळीस वर्षं नोकरी केली, कुठें अडलें नाही.

तिने आडनावात नुसतं 'ई' लिहिलं. पाटी आली. 'आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' तिने 'राव' लिहिलं. दोनच अक्षरं. पाटी आली. प्रत्येक वेळी टण्ण असा आवाज होतो, तो कमी कसा करायचा ते धड्यात पुढे आहे. सगळे तो टण्ण ऐकत होते.

मग ती म्हणाली, अंकल, ही खूण काढली की झालं, एक क्लिक आहे, दाखवू का? आणि माउसकडे हात नेला.

मी लॅपटॉप मागे ओढला. मला तिला काही बोलायचं नव्हतं. पण परक्या माणसाने सिस्टीमला हात लावणं योग्य नाही, पाचव्या धड्यातली सूचना आहे. घाबरून ओढला गेला. चहा सांडला, तिच्या साडीवर.

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, राहूं द्या, राहूं द्या. जाताना एकोजीराव जिन्यात म्हणाले, आडीच्या आधी काय तें कळवा. मी म्हणालो, तुम्ही आडनाव कळवा, मी लगेच कळवतो.

एकंदरीत चाचणी चांगली झाली. फॉर्म एकदाही बंद पडला नाही.

७ जुलै.

जयवंती बोलत नाही. चहा स्वतःचा स्वतः केला. साखर सापडली नाही.

१० जुलै.

आशिषने जेवताना एकच विचारलं, बाबा, ते रिकामं ठेवता येत नाही का? त्याला नीट समजावलं, की आज हिचं रिकामं ठेवलं तर उद्या दुसरा उंची रिकामी ठेवेल, तिसरा देवक, मग डेटाबेसला अर्थ काय. उदाहरणासाठी मेजरसाहेबांची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर पाहिलं, तर त्याचं ताट घासायला गेलं होतं.

१७ जुलै.

आडी लागला. आता महिनाभर तिकडून काही हालचाल होणार नाही. फार सोयीचं. या काळात चाचण्या करून घेता येतील.

आज रिलेशनशिप शिकलो. एकास एक, एकास अनेक. नवरा-नवरी जोडताना चुकून एकास अनेक ठेवलं होतं. वेळीच लक्षात आलं म्हणून मंडळाची अब्रू वाचली.

३० जुलै.

जयवंती बोलली. म्हणाली, अड्यारला जा, त्या मुलीची माफी मागा. मी म्हणालो, मी कुठे अडवलं? पाटी सिस्टीमने दाखवली. ती म्हणाली, पाटी लिहिली कोणी? मी म्हणालो, लिहिली मी, पण दाखवली सिस्टीमने. हा फरक तिला कळत नाही.

तरी अड्यारची बस पकडायला स्टॉपपर्यंत गेलो. बसला गर्दी होती. नंतरच्या बसलाही असेल असं वाटलं.

९ ऑगस्ट.

आशिष आता कंपनीच्या बसने जात नाही. मोटरसायकल काढतो. एवढ्या लांब, त्या ट्रकांच्या रस्त्याने. मला काळजी वाटते. बसमध्ये काय झालं विचारलं, तर म्हणाला, काही नाही, खिडकीची जागा मिळत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार.

आडी संपला. आणि तोडगाही सापडला! पहाटे अंघोळ करताना सुचला. एकोजीरावांना नऊ वाजताच फोन लावला. म्हणालो, 'तंजावरकर' लावा. गावावरून आडनाव, आपल्याकडे सर्रास चालतं, अक्षरंही भरपूर आहेत. आज लावा, उद्या जोडी.

 मग ते म्हणाले, विजयकुमारराव, आम्ही साडेतीनशे वर्षं इकडे आहों. राजांनी आडनाव विचारलें नाही, इंग्रजांनी विचारलें नाही. अण्णा नगरात, तुमचे घरीं, विचारलें. मग म्हणाले, मीच आज फोन करणार होतों. हरिप्रियाचा साखरपुडा ठरला. मुलगा कोइम्बतूरचा. एकतीस तारखेस सहकुटुंब यावें.

अभिनंदन केलं. काय बोलायचं असतं दुसरं.

जयवंतीला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. तिला माहीत होतं. अन्नपूर्णाबाईंनी तिला कालच कळवलं होतं. माझ्यापासून लपवलं का, विचारलं. म्हणाली, तुमचा फॉर्म चालू होता.

२४ ऑगस्ट.

पाटीचा टण्ण आवाज बंद करता येतो. सोपं आहे.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी.

साखरपुड्याला जाऊन आलो. आशिष आला नाही, त्याने रविवारची शिफ्ट मागून घेतली होती. केळीच्या पानावर जेवण, सांबार उत्तम. मी निम्मं पान तसंच ठेवलं, तो अ‍ॅसिडिटीचा त्रास.

मुलगी पाया पडली. म्हणाली, अंकल, सॉफ्टवेअर कसं आहे? मनापासून विचारलं. मी म्हणालो, प्रगती आहे.

येताना मेट्रोत जयवंतीने सांगितलं. आमच्याकडून घरी गेल्यावर ती पोर आईजवळ रडली होती म्हणे. आईने समजूत घातली, म्हातारा माणूस आहे, मनावर घेऊ नको, मुलगा चांगला आहे. त्यावर ती म्हणाली होती, मुलगा चांगला आहे ग अम्मा, पण तो तिथेच बसला होता. आपला अप्पा नावासाठी हात जोडत होता आणि तो काहीच बोलला नाही.

मी म्हणालो, आशिषला लहानपणापासून वळणच आहे, मोठ्यांसमोर उलट बोलायचं नाही. शिस्त.

जयवंती म्हणाली, हो. रिक्वायर्ड.

नंतर घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. भुयारी भाग होता, बाहेर काही दिसत नव्हतं.

१ सप्टेंबर. सकाळी.

आशिष शिफ्टला निघताना माझ्यापाशी आला. बाबा, त्यात माझं नाव आहे ते काढा, म्हणाला. चिडून नाही. उंची सांगितली होती त्याच आवाजात.

मी म्हणालो, अरे, मंडळाची दिवाळीची सभा आहे, काहीतरी दाखवायला लागेल, शिवाय अजून पुष्कळ स्थळं येतील. तो बूट घालत राहिला. बुटाच्या नाड्या बांधून झाल्या तरी वाकलेलाच होता.

चिकटपट्टी काढली. डिलीट दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, ही नोंद पुन्हा मिळणार नाही, नक्की काढायची? मी आशिषकडे पाहिलं. त्याने मान हलवली. 'येस' मीच दाबलं, या वेळी न वाचता.

तो गेल्यावर सगळं तपासून घेतलं. फॉर्म उघडतो. बंद होतो. शोध लगेच लागतो. एकूण नोंदी शून्य. रिकामं झाल्यापासून अ‍ॅप्लिकेशन एकदाही अडकलेलं नाही.