पायली परत ओतली

३ मार्च १९९६, रविवार

मालदांडी ज्वारी एकीकडे, दगडी एकीकडे — दरवर्षी घसा फोडून सांगतो, तरी लोक एकाच पोत्यात ओततात! अशा मिसळीचं पीठ एकसारखं पडत नाही. भाकरी तव्यावर जायच्या आत फाटते. छबूबाई उद्या माझं डोकं खाणार. गेल्या साली म्हणाली होती, "भाऊ, भाकरी थापू का गोधडी शिवू?" स्वयंपाकीण ती, पण बोलणं प्राचार्यांच्या वरचं.

तरी टेम्पो निम्मा भरला. कॉलेजच्या वसतिगृहाची मेस यावरच चालते. इथं जेवून शिकून गेलेली पोरं. कुणी शेतात राबतं, कुणी मास्तर झालंय, कुणी नगरला कारकून. रब्बीची ज्वारी खळ्यातून घरात आली की ज्याला जमेल तसं देतात. कुणी पोतं, कुणी पायली. ही रीत मी घातली. मी चौथी पास, या कॉलेजात एक तास बसलेलो नाही. पण मेसचा व्यवस्थापक मी आहे, आणि माझ्या धान्यात कधी सोंडा किडा निघालेला नाही.

दरवर्षी पोतं देणाऱ्या गोरक्षनाथाच्या ओट्यावर त्याचा कोणी पाहुणा बसला होता. मला बघून म्हणाला, "आले का जोगवा मागायला?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत तो शब्द दातात अडकून होता.

१२ मार्च

प्राचार्यांनी बोलावलं. चक्क खुर्ची दिली! राधाकृष्णशेठ — इथलेच जुने विद्यार्थी, पुण्यात बांधकामाचा मोठा धंदा — कॉलेजला भोजनगृह बांधून देणार आहेत. पाच लाख!

"सहादेव, आता टेम्पो बंद. एवढा मोठा दाता मिळाल्यावर दारोदार फिरणं आपल्याला शोभत नाही."

मी म्हणालो, व्हय साहेब. खरं लिहायचं तर छाती फुगली. एवढा देणारा माणूस रोजचं जेवणही बघेलच. जोगवा म्हणणाऱ्याला आता दाखवतो!

१५ मार्च

राहिलेली घरं पायी फिरून सांगून आलो. यंदापासून धान्य नको. लोकांनी माना डोलावल्या. वाटेत भेटलेला गोरक्षनाथ म्हणाला, "सुटलात म्हना की."

शेवटचं घर आक्काबाईचं. कॉलेजमागचा ओढा ओलांडला की बौद्धवस्ती, तिथं. तिचा प्रवीण आपल्याच मेसमध्ये जेवून बी.ए. झाला, आता नगरला कचेरीत आहे. दोन एकरांतली ज्वारी, पण दरवर्षी पायली ठरलेली. निवडून, पाखडून, वर कडुनिंबाचा पाला टाकून. साऱ्या तालुक्यात एवढं स्वच्छ धान्य येत नाही, हे मी लिहून देईन. आजही मापात भरून ओसरीवर ठेवलेली होती.

"न्यायची न्हाई?"

"आता गरज नाही, आक्का."

मीच तिच्या कणगीत ती पायली परत ओतली. म्हातारीला वाकायला नको म्हणून.  तिनं रिकामं माप उचलून आत नेलं.

९ जून

जुनं स्वयंपाकघर पाडलं. चूल पत्र्याखाली हलवली. छबूबाईच्या तोंडाला दिवसभर खळ नाही. शेड उत्तरेला उतरती घ्या म्हणून मिस्त्रीला दोनदा सांगितलं. ऐकलं नाही. धूर सगळा आत.

१५ डिसेंबर, रविवार

उद्घाटन. पांढराशुभ्र मार्बल. स्टीलची टेबलं. दारावर शेठच्या आईचं नाव, पितळी अक्षरांत. शेवटचं अक्षर सूतभर खाली आलंय, पण कुणाच्या नजरेत आलं नाही.

शेठ माणूस वाईट नाही. भाषणात म्हणाले, "मी इथं व्हरांड्यात उकिडवा बसून जेवलोय. पावसात ताट भिजायचं. तेव्हाच ठरवलं होतं, पोरांना बसायला जागा करून देईन." डोळे भरून आले त्यांचे. माझेही आले.

मग गाडीशी गाठलं. म्हटलं, शेठ, रोजच्या जेवणाचं कसं करायचं ठरवलंय?

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, ते तर तुम्ही चालवताच! ती ज्वारीची पद्धत तुमचीच ना? प्राचार्यांनी सांगितलं. त्या भरवशावरच तर मी फक्त इमारतीचं अंगावर घेतलं."

गाडी गेली. धुळीत उभा राहिलो.

१६ डिसेंबर

प्राचार्य म्हणाले, "मला वाटलं तुम्ही शेठशी बोलला असाल."

मी! मी बोलायचं होतं!

२० जानेवारी १९९७

कोठीचा तळ दिसला. निम्म्या टेम्पोचं धान्य दिवाळीपर्यंत पुरलं, पुढं उधारीवर ओढलं. दुकानदार आज म्हणाला, "सहादेवराव, एवढा मार्बल लावलाय, आन् आमचं देणं थकवता?" संस्थेकडे मागितलं तर उत्तर — तरतूद नाही. मुलांच्या परीक्षा एप्रिलात. तोवर कसंही ओढायला हवं. आत्ता मुलं घरी गेली तर त्यांचं वर्ष गेलं. काही तर परत यायचीच नाहीत. मला माहीत आहेत कोणती.

११ फेब्रुवारी

मेस बंद. फळ्यावर सूचना मीच लिहिली. अक्षर नेहमीसारखं आलं याचाच राग आला.

छबूबाई पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ, चूल कुनी इझिवली, शेठनं का तुमी?"

खडू खिशात टाकला आणि कोठीला कुलूप लावायला गेलो. 

२३ फेब्रुवारी, रविवार

ज्वारी घरात आली असेल म्हणून निघालो. टेम्पो नाही, पिशवी घेऊन.

गोरक्षनाथ ओट्यावरूनच म्हणाला, "या, या! कसं काय येनं केलं?" सांगितलं. तो हसला. "आता आमची ज्वारी कशाला? घसरंल की मार्बलवरनं!" ओटाभर लोक हसले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पाच लाख देनाऱ्याच्या नावाम्होरं माझ्या पोत्याला कोन इचारतंय, भाऊ? पयलं कसं, मला वाटायचं, पोरं माझं खात्यात. आता पोरं शेठचं खात्यात. म्हनून इकली मी ज्वारी."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी पाणी दिलं, ज्वारी नाही. एवढी वर्षं पायली नि पोती मोजत होतो. कुणाला काय वाटतं ते मापात येत नव्हतं, म्हणून धरलंच नाही.

आक्काबाईकडे शेवटी, दिवेलागणीला गेलो. त्यापुढं गोरक्षनाथाची थट्टा सोपी होती म्हणायची.

"आमच्या घरचं चालंना तुमाला," ती म्हणाली.

"आक्का, असं कसं बोलता? इतकी वर्षं नेलं की!"

"नेलं. मग मार्बल आला. आता मोठी मानसं पंगतीला बसनार, त्यात म्हारवाड्याचं पीठ कशाला — आसंच झालं न्हवं? बाकीच्यांस्नी नुसतं तोंडानं न्हाई म्हनलात. माझी तर मापात भरलेली माघारी वतली. आख्ख्या वस्तीनं बघितलं."

मी म्हणालो, तुम्हाला वाकायला नको म्हणून ओतली. माझ्या मेसमध्ये कधी पंगत वेगळी बसली नाही. एकच चूल, एकच ओळ. प्रवीणला विचारा.

"प्रवीणनंच इचारलं मला. आई, माझी पायली का परत केली? काय सांगू त्याला?"

उठून आलो. ओढ्यात पाणी नव्हतं, तरी कडेला बसून राहिलो.

२४ फेब्रुवारी

कोठी झाडली. रिकामी पोती झटकून, घडी घालून, मोठी खाली लहान वर, अशी लावली. कशासाठी?

४ मार्च

संस्थेचा ठराव आला. भोजनगृह लग्नकार्याला भाड्यानं द्यायचं. पहिल्या लग्नाची तारीख ठरलीसुद्धा. प्राचार्य चांगल्या मनानंच म्हणाले, "उरलेलं अन्न मुलांना वाटता येईल, सहादेव. तेवढीच सोय."

माझी मुलं! उष्ट्यावर!

घरी आलो. बायकोनं, विजयमालानं, ताट वाढलं. पहिला घास उचलला आणि ठेवला. ती म्हणाली, "तुमी उपाशी ऱ्हायल्यानं त्यांचं पोट भरनार हाय का?" बरोबर आहे. तरी ताट झाकून ठेवलं.

९ मार्च

मुलं अजून गेलेली नाहीत. वसतिगृहाच्या जिन्यात करण भेटला. गेल्या साली ताप आला तेव्हा याला मी पेज पाजली होती. म्हटलं, काय खाता रे? "हाय आपलं कायतरी," म्हणाला आणि नजर चुकवून पळाला. पोरांनाही तोंड नको झालंय माझं. राजीनामा लिहिला. खिशात ठेवलाय.

१६ मार्च, रविवार

दुपारी मुलं ताटं घेऊन ओढा ओलांडताना दिसली. मागून गेलो. आक्काबाईच्या अंगणात छबूबाई भाकरी थापत होती. प्रवीण वाढत होता. ज्वारी विकली म्हणणारा गोरक्षनाथ बैलगाडीतून पोतं उतरवत होता, मला बघून पोत्याआड झाला. मेस बंद झाल्यापासून चाललंय म्हणे. साऱ्या गावाला माहीत. मला सोडून.

कुणी बस म्हणेना, जा म्हणेना. सगळ्यांचं वाढून झाल्यावर आक्काबाई म्हणाली, "भाऊ, आज तुमची भाकर धरली न्हवती. उद्या ताट घिऊन या."