आईचे घोडे

धम्मादादा,

जयभीम. तुझा पत्ता नाय, तरी लिहिते.

आईने अंथरूण धरलंय. परवा म्हणाली, "मेघा, धम्माच्या कॉम्प्युटरातले घोडे दाव गो." तेच रे, समुद्राच्या पाण्यातून धावणारे, विंडोजबरोबर फुकट आलेल्या व्हिडिओतले. पण तू घर सोडलंस, नंतर कॉम्प्युटर बिघडला, शहापूरला नवीन विंडोज टाकली. तिच्यात ते घोडे नायत.

किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत दिसेल त्या दुकानात विचारलं. लोक हसायचे. शेवटी धसईच्या फोटो स्टुडिओतल्या एका डबड्या कॉम्प्युटरवर सापडले. मोबाईलवर घेतले आणि धावत घरी आले.

आईने बघितलं नि तोंड फिरवलं. "हे ते नाय. टापा कुठं हायत? नुसतं गाणं वाजतंय."

माझं डोकंच फिरलं. तेच घोडे, तेच पाणी! मग आठवलं, आपल्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हता. तू तिच्या मागे उभा राहून तोंडाने टापा वाजवायचास.

मी गाणं बंद केलं आणि जीभ दुखेपर्यंत टापा वाजवल्या. आईने माझा हात धरला. "राहू दे गो. तुझे घोडे लांब चाललेत. त्याचे जवळ यायचे."

दादा, बोलू नको हवं तर. एकदा फोन कर आणि नुसत्या टापा वाजव.

वाट बघणारी,
मेघा