काखेतली थैली

एर्मेक, रशियात जाऊन बसलेल्या नवऱ्या,

काड्यापेट्या भिजल्या तेव्हा तुझ्या वडिलांनी, अतांनी, मला गारगोटीवर ठिणगी पाडायला शिकवलं. "सूनबाई, ही वाळकी अळंबी काखेतच ठेवायची. गारठली की ठिणगी धरत नाही." माझी बोटं सोलली की हसायचे, "माझी घोडी लवकर शिकली असती!"

सकाळी ते घोडी शोधायला खिंडीकडे गेले. दुपारपासून बर्फ थांबत नाहीये. आत्ता चूल विझली म्हणून माझा कोट चढवला, तर काखेत त्यांची अळंबीची थैली शिवलेली. टाके वाकडे, त्यांचेच. एवढी एकच थैली होती रे. म्हणजे त्यांच्याजवळ काहीच नाही.

त्यांना दिसेल असा जाळ टेकाडावर करते. पेट घ्यायला कोरडा कागद लागेल, आणि घरात हा एकच आहे.

तुझी,
बुरुल