वन्संच्या नावाचा ई-मेल

ठाणे, मार्गशीर्षातला गुरुवार, १९९९

पूजा आटोपून कॉम्प्युटरपाशी बसले, मस्कतहून अमोलचं पत्र आलंय का बघायला. त्याचं नव्हतं. कल्याणच्या वन्संच्या नावाने ई-मेल होता: ‘देवीचं दर्शन घ्या, अकरा जणांना पाठवा, नाहीतर संकट.’ शेजारी क्लिपचं चित्र, म्हणजे सोबत फोटो. गुरुवारी दर्शनाला नाही कसं म्हणू?

मंजू ओरडली, “आई, क्लिप उघडू नकोस! व्हायरस असला तर दादाची सगळी पत्रं जातील.”

“अगं, आत्याने पाठवलंय!”

“मग विचार तिलाच.”

फोनवर वन्सं म्हणाल्या, “मी कुठे पाठवलं? काल असाच फोटो उघडला, तेव्हापासून मेला कॉम्प्युटर बंद आहे.”

म्हणजे माणसाला न विचारता त्याच्या नावाने पत्रं जातात? कशी? पूर्वी अशी पोस्टकार्डं यायची, तेव्हा निदान अक्षर तरी ओळखता यायचं. भीतीने मीही अकरा लिहिली होती. आता त्या इवल्याशा क्लिपला काय ओळखायचं?

हात जोडले आणि ई-मेल पुसला. दर्शन देव्हाऱ्यात झालंच होतं.

अकरा जणांना कळवायचं होतं ना? ई-मेलवाल्या माझ्या ओळखीच्या तिघीच. तिघींनाही फोन केला: वन्संच्या नावाचं काही आलं, तर उघडू नका.