पिवळे हात आणि तुमचा फेटा

चिखलोली, ९ फेब्रुवारी २००६

रा. रा. किसनराव यांना त्यांच्या दाजींचा, म्हणजे हिंदुरावाचा, नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमची म्हैस, दोघंही बरी असतील. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता, म्हणून पत्र. (मोठीच्या लग्नात मामाचा मानाचा फेटा व्याह्यांच्या ड्रायव्हरला बांधला गेला, त्याला मी काय करू? त्यानेही गुपचूप बांधून घेतला.)

तर तुमच्या धाकट्या भाचीचे, संजीवनीचे, हात पिवळे करायचं मनावर घेतलं. अडचण अशी, की ते आधीच पिवळे आहेत. आनंदनगरला रंगाच्या फॅक्टरीत ती पावडर तपासते. तो पिवळा साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही. तुमच्या ताईने चिंच चोळली, तर चिंच पिवळी झाली. परवा अंबरनाथची मंडळी बघायला आली. पोरीला म्हटलं, हात पदराखाली ठेव. पण पदराखालून पोहे कसे देणार? मुलाची आत्या राजाबाई बशी घेता घेता थबकली. म्हणाली, हिला तर हळद लागलेली दिसते, दुसऱ्याची नवरी आम्हाला दाखवता होय? ती उठली, तशी बाकीचेही चपला शोधू लागले. मी रंग आणि हळद यातला फरक सांगत सुटलो, पण माझं मलाच ते खोटं वाटत होतं. एवढं चांगलं स्थळ हातचं चाललं, किसनराव.

मुलगा, कैलास, तेवढा बसून होता. आल्यापासून दोन्ही हात खिशात, पोह्यांनाही हात लावला नव्हता. (मी म्हटलं, काय हा माज.) काम विचारलं तर 'कपड्याच्या लाइनीत' एवढंच. त्याने हळूच हात बाहेर काढले. मनगटापर्यंत निळे. उल्हासनगरला जीन्स रंगवतो म्हणे. संजीवनी जी हसत सुटली, ती थांबेचना. म्हणाली, "घासत बसू नका, मी सगळं करून बघितलंय." तोही हसला आणि बशी पुढे ओढली. आत्याबाईंनी चपला परत काढल्या.

लग्न अक्षय्य तृतीयेला आहे. तुम्हाला कामं असतील. जमलं तर या, आग्रह नाही.

आपला,
हिंदुराव

ता. क. आग्रह आहे. मामाने हात धरून आणल्याशिवाय मांडवात पाऊल टाकणार नाही, असं पोरीने सांगितलंय. तुमच्या ताईने तर माझ्याशी बोलणंच टाकलंय.

आणखी एक ता. क. तुमचा फेटा संजीवनीने स्वतः रंगवून ठेवलाय, तिच्याच फॅक्टरीतल्या पिवळ्यात. घाम आला की रंग कपाळावर उतरतो आणि महिनाभर निघत नाही. या खेपेला तो भलत्याला बांधला गेला, तर सगळं चिखलोली त्याला महिनाभर मामा म्हणेल. तेव्हा वेळेवर डोकं घेऊन या.