खालच्या मजल्यावरचं जॅझ

न्युरेम्बर्ग, रविवार, १६ नोव्हेंबर २०१४

थकलोय. खालचे आजोबा रविवारी दुपारभर मोठ्याने जॅझच्या रेकॉर्ड लावतात. हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमावलीत, रविवारी शांतता लिहिलीय, म्हणून मागच्या आठवड्यात मीच घरमालकाला तक्रारीचं पत्र टाकलं.

आज ते केक घेऊन वर आले. माफी मागितली. मग दारातच उभं राहून सांगत बसले. त्रेचाळीस साली, युद्धात, त्यांचा मोठा भाऊ हेच जॅझ ग्रामोफोनवर ब्लँकेट टाकून ऐकायचा. नाझींची बंदी होती ना. शेजाऱ्याने कळवलं. भावाला नेलं, तो परत आलाच नाही.

"म्हणून मी आवाज वाढवतो," म्हणाले.

पत्र माझं होतं हे त्यांना माहीत असेल? मी केक घेतला, आभार मानले आणि दार लावलं.

ते ब्लँकेट डोक्यातून जात नाही. लहानपणी चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतली भीमगीतं बंद करा म्हणून पलीकडच्या सोसायटीतून अर्ज जायचे. बाबा गप्प बसायचे. आणि मी इथे येऊन तेच केलं?

आत्ता खाली रेकॉर्ड लागलीय. फरशीला कान लावला तेव्हा कुठे ऐकू आली, ब्लँकेटखालून यावी तशी.